नावं ठेवण्याची घाई

फॅब्रिकेशनच्या दुकानांवरच्या पाट्या वाचायची मला सवय आहे. 'ग्रिल, शटर, कंपाउंड गेट' या यादीखाली हल्ली एक ओळ हमखास असते : 'येथे आरगन वेल्डिंग करून मिळेल.' स्टीलच्या रेलिंगचं काम असलं की कारागीर आधीच विचारून घेतो, "साधं मारू की आरगन?" आरगनचे पैसे जास्त. ते कशाचे, हे काम जवळून पाहिलं की कळतं. अर्थात डोळ्यांवर काळी काच धरून. टॉर्चच्या तोंडाशी टोक काढलेली टंगस्टनची सळई असते, तिच्याभोवती चिनी मातीचं बोटभर नळकांडं, आणि त्यातून मंद फुसफुसत बाहेर पडणारा वायू. हा वायू जळत नाही, जाळत नाही, स्टीलला धरत नाही, टंगस्टनला शिवत नाही. वितळलेल्या धातूभोवती नुसता उभा राहतो आणि हवेतल्या ऑक्सिजनला आत येऊ देत नाही. सांधा जमला की निघून जातो. काहीही न करण्याचे जास्त पैसे घेणारा दुसरा कारागीर माझ्या पाहण्यात नाही.

या वायूला आर्गॉन हे नाव मिळालं ते 'आळशी' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. माणसाला आळशी म्हणायला निदान त्याला कामावर ठेवून बघावं लागतं. आर्गॉनच्या बाबतीत नाव आधी ठेवलं गेलं आणि परीक्षा पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली. त्या परीक्षेची गोष्ट मोठी मजेची आहे, आणि तिच्यात ज्याला त्याला नावं ठेवायची घाई झालेली दिसते.

लॉर्ड रॅली हे इंग्लंडातले भौतिकशास्त्रज्ञ १८९० नंतरच्या काळात नायट्रोजनचं वजन करत बसले होते. हवेतून मिळवलेला नायट्रोजन आणि अमोनियासारख्या संयुगातून मिळवलेला नायट्रोजन यांच्या वजनात लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅमचा फरक पडत होता. दुसरा कोणी असता तर तराजूवर खापर फोडून मोकळा झाला असता. रॅलींनी विल्यम रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाला हाताशी धरलं आणि दोघांनी मिळून हवेत दडलेला नवा वायू बाहेर काढला. खरं तर हेन्री कॅव्हेंडिशला तो १७८५ मध्येच भेटला होता. हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन संपवत संपवत गेल्यावर त्याच्या नळीत एक बारीकसा बुडबुडा उरला. मूळ नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून मोठा नसलेला तो बुडबुडा काही केल्या संपेना. कॅव्हेंडिशने तसं इमानेइतबारे लिहून ठेवलं. त्यानंतर शंभरावर वर्षं तो बुडबुडा कागदावरच राहिला.

ऑगस्ट १८९४ मध्ये ऑक्सफर्डला भरलेल्या सभेत रॅली आणि रॅम्झी यांनी या वायूची बातमी दिली, आणि तिथल्या बैठकीच्या अध्यक्षांनी आर्गॉन हे नाव सुचवलं. पाळणा हलला. पुढच्याच वर्षी रॅम्झींनी थोडा आर्गॉन पॅरिसला आंरी म्वासां यांच्याकडे पाठवला. म्वासां हे फ्लुओरीन मोकळा करून दाखवणारे पहिले गृहस्थ. ते काम त्यांनी १८८६ मध्ये केलं होतं. फ्लुओरीन हा मूलद्रव्यांतला सर्वांत भांडखोर इसम. काच, लोखंड, लाकूड, पाणी, समोर येईल त्याला तो धरतो. त्याने हात लावला आणि काहीच घडलं नाही, असे पदार्थ बोटांवर मोजण्याइतके. म्वासांनी त्याची आणि आर्गॉनची गाठ घातली, विजेच्या ठिणग्याही पाडून पाहिल्या. काही नाही. फ्लुओरीनसुद्धा ज्याच्याशी भांडू शकत नाही, तो आळशी नाही तर काय? नाव बरोबर ठरलं. निदान तसं सगळ्यांना वाटलं.

१८९८ हे साल आर्गॉनच्या घराण्याच्या दृष्टीने भलतंच सुपीक गेलं. रॅम्झी आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी थंड करून द्रव केलेल्या हवेला थोडं थोडं उकळू द्यायचं आणि काय वेगळं निघतं ते पाहायचं, असा सपाटा लावला. मेअखेर क्रिप्टॉन निघाला, म्हणजे लपलेला. जूनमध्ये निऑन, जुलैत झेनॉन, म्हणजे परका. निऑनच्या नावाचं श्रेय रॅम्झींच्या तेरा वर्षांच्या मुलाला, विलीला. नव्या वायूला 'नवा' अशा अर्थाचा लॅटिन शब्द द्यावा असं त्याने सुचवलं. वडिलांनी तेवढं ग्रीकमध्ये फिरवून घेतलं. तेराव्या वर्षी नवेपणा कायमचा वाटतो, त्यात विलीचा दोष नाही. पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल तर १८८० चं आहे, आणि ते स्थापणारे चांगले जाणते होते.

घराण्यातल्या थोरल्याचं, हेलियमचं, नाव तर त्याला पृथ्वीवर कोणी पाहण्याच्या आधीच ठेवलं गेलं होतं. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं आणि त्याची सावली आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून दख्खन ओलांडत पूर्वेकडे गेली. विजयदुर्गावर आजही 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि नॉर्मन लॉकियर साहेबाने इथून हेलियम शोधला असं अभिमानाने सांगतात. साहेब त्या दिवशी इंग्लंडात होते. त्यांनी सूर्याच्या कडेवरची ती पिवळी रेषा पाहिली ती २० ऑक्टोबरला, ग्रहणाशिवाय, घरच्या दुर्बिणीतून. ग्रहण पाहायला आलेले लोक वेगळे होते : फ्रान्सचे जान्सन गुंटूरला, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. ऑगस्टच्या अठरा तारखेला, ऐन पावसात, सूर्य बघण्यासाठी कोकण किनारा कोणी निवडला असता का, हा प्रश्न विजयदुर्गाला विचारण्यात अर्थ नाही. कट्टे सुंदर आहेत आणि समुद्रही. पिवळी रेषा कोणत्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना, तेव्हा सूर्याच्या ग्रीक नावावरून तिच्या मालकाला हेलियम म्हटलं गेलं. शेवटचा 'इयम' हा सोडियम, पोटॅशियमसारखा, म्हणजे धातूंच्या घरचा. १८९५ मध्ये रॅम्झींना एका युरेनियमच्या खनिजात हेलियम सापडला तेव्हा तो हवेहून हलका वायू निघाला. धातूचं आडनाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. भावंडं सगळी 'ऑन', हा एकटा 'इयम'.

आता या पाच जणांपैकी परक्याची, झेनॉनची, परिस्थिती वेगळी होती. आर्गॉन भरपूर आहे. दहा बाय दहाची खोली घेतली आणि छत दहा फुटांवर धरलं, तर त्या खोलीत चारशे ग्रॅमच्या वर आर्गॉन असतो. त्याच खोलीत झेनॉन किती? अडीच मिलिलिटर. अर्धा चहाचा चमचा, आणि तोही वायू. तेवढा वेचून काढायला किती हवा द्रव करावी लागेल याचा विचार केला की झेनॉनवर कोणी फारसे प्रयोग का केले नाहीत, ते समजतं. म्वासांनी परीक्षा घेतली ती आर्गॉनची, आणि निकाल लागला सगळ्या घराण्याचा.

पुढे १९१६ च्या सुमारास या निकालाला कारणही मिळालं. अमेरिकेत लुईस आणि जर्मनीत कोसेल यांनी मांडलं की अणू एकमेकांना धरतात ते बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन पुरे करण्यासाठी. निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन यांचे आठ मुळातच पुरे. मग ते कोणाच्या दारात कशाला जातील? अष्टकाचा हा नियम इतका सुबक आहे की आमच्या शाळेत विज्ञानाच्या बाईंनी तो एका तासात शिकवला आणि वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्यांनाही कळला. इथेच मेख आहे. नुसतं अपयश असतं तेव्हा माणूस पुन्हा प्रयत्न करून बघतो. अपयशाला कारण सापडलं की त्याचा नियम होतो, आणि नियमाविरुद्ध प्रयत्न करायला वेळ, पैसा आणि अर्धा चमचा झेनॉन कोण खर्च करील? गंमत म्हणजे झेनॉनचा फ्लुओरीनशी संयोग व्हायला हरकत नाही, अशी शंका खुद्द कोसेलनेच तेव्हा बोलून दाखवली होती. नियम लोकांच्या लक्षात राहिला. शंका राहिली नाही.

१९३३ मध्ये लायनस पॉलिंग यांनी पुन्हा तेच म्हटलं. झेनॉनचा बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब असतो, त्याच्यावरची पकड सैल असते; फ्लुओरीनने जोर लावला तर संयुग व्हायला हवं. त्यांच्याच कॅल्टेकमध्ये, कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाला, यॉस्ट आणि के या दोघांनी थोडा झेनॉन मिळवून फ्लुओरीनबरोबर ठेवला आणि त्यातून वीज खेळवली. हाती काही लागलं नाही. त्यांनी ते छापलं, आणि आम्हाला जमलं नाही म्हणजे असं संयुग असूच शकत नाही असं समजू नये, अशी पुस्तीही जोडली. ही पुस्ती लिहायला मोठं मन लागतं. वाचायला त्याहून मोठं लागत असावं, कारण पुढची जवळजवळ तीस वर्षं त्या वाटेला कोणी फारसं गेलं नाही.

मग कॅनडात व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नील बार्टलेट नावाचा इंग्लंडहून आलेला तरुण प्राध्यापक प्लॅटिनमच्या फ्लुओराइडांवर काम करू लागला. त्याला झेनॉनशी काही देणंघेणं नव्हतं. प्रयोग करताना त्याला एक नारिंगी-तांबडा घन पदार्थ मिळायचा आणि तो कशाचा, हे कळायचं नाही. खूप खटपटीनंतर त्याची खात्री झाली की प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइड या गडद तांबड्या वायूने चक्क ऑक्सिजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन ओढून घेतला आहे. ऑक्सिजन हा दुसऱ्यांचे इलेक्ट्रॉन पळवण्याबद्दल प्रसिद्ध. लोखंड गंजतं ते त्याच्यामुळे, कापलेलं सफरचंद काळं पडतं तेही त्याच्यामुळे. चोराच्याच घरात चोरी झाली होती. ऐकणारे सहजासहजी पटवून घेईनात.

यापुढचा भाग मला या गोष्टीत सर्वांत आवडतो, कारण तो वर्गावर जाण्याआधी तयारी करणाऱ्या तमाम शिक्षकांच्या बाजूचा आहे. बार्टलेट एका व्याख्यानाची तयारी करत होता. समोर पाठ्यपुस्तकातला तक्ता होता, कोणत्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते त्याचा. असे तक्ते विद्यार्थ्यांना झोपवण्यासाठी छापतात, असा आमचा समज होता. त्याच्या नजरेला पडलं की ऑक्सिजनच्या रेणूला आणि झेनॉनच्या अणूला लागणारी ऊर्जा जवळजवळ एकच आहे. दोन्ही आकडे बारा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जरासे वर. प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइडने ऑक्सिजनला लुटलं असेल, तर झेनॉनला सोडायचं काही कारण नव्हतं. तक्ता कित्येकांनी पाहिला होता, आणि हा तांबडा वायू आर्गोन नॅशनल लॅबोरेटरीत १९५७ पासून होता. (शिकागोजवळच्या या प्रयोगशाळेचा आपल्या आळशी वायूशी नात्याने काही संबंध नाही.) तक्ता आणि वायू यांची गाठ एकाच डोक्यात पडायची तेवढी बाकी होती.

२३ मार्च १९६२, शुक्रवार. बार्टलेटने काचेच्या उपकरणात एका बाजूला तांबडा वायू आणि दुसऱ्या बाजूला रंगहीन झेनॉन ठेवला. मध्ये काचेचा पातळ पडदा. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास त्याने तो पडदा फोडला. तापवणं नाही, ठिणगी नाही, दाब नाही. दोन वायू भेटले, तांबडा रंग नाहीसा झाला आणि काचेवर नारिंगी-पिवळा थर धरला. इतक्या वर्षांच्या नियमाला पडदा फोडायचा काय तो वेळ लागला. तो धावत व्हरांड्यात आला, कोणाला तरी दाखवावं म्हणून. शुक्रवारची संध्याकाळ, सगळे जेवायला गेले होते. एकोणतीस वर्षांच्या माणसाच्या हातात जगातलं पहिलं झेनॉनचं संयुग होतं, आणि ते पाहायला तिथे कोणीही नव्हतं.

आता नाव ठेवायची वेळ आली. रसायनशास्त्रात संयुगाचं नाव हौसेने ठेवता येत नाही. त्याचे कायदेकानू आहेत, आणि कायद्याने जे नाव आलं ते असं : झेनॉन हेक्साफ्लुओरोप्लॅटिनेट, पुढे कंसात रोमन पाच. एका दमात म्हणता येत नाही. विली रॅम्झीने हे कधीच सुचवलं नसतं. पण हे नाव नीट वाचलं तर ते नाव कमी आणि प्रतिज्ञापत्र जास्त आहे. 'हेक्सा' म्हणजे फ्लुओरीन सहा आहेत, मोजून घ्या. ते सहाही 'प्लॅटिन'ला बिलगलेले आहेत. शेवटचा 'एट' म्हणतो की या मंडळींवर ऋण भार आहे. कंसातला पाच म्हणतो की प्लॅटिनमचा हिशेब सहावरून पाचावर आला, म्हणजे त्याने एक इलेक्ट्रॉन घेतला. आणि आधी सुटा लिहिलेला 'झेनॉन' म्हणतो की तो इलेक्ट्रॉन ज्याचा गेला तो मी, धन भार घेऊन बाजूला उभा आहे. एवढी विधानं एका नावात, आणि प्रत्येक विधान कोणीही प्रयोगशाळेत जाऊन तपासून घ्यावं असं. हे सगळं अर्ध्या-पाऊण पानाच्या टिपणात जून १९६२ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं.

एकदा दार उघडलं म्हटल्यावर सगळेच आत शिरले. आर्गोनवाल्यांनी त्याच वर्षी निकेलच्या भांड्यात झेनॉन आणि फ्लुओरीन भरून तासभर चारशे अंशांवर तापवले. थंड झाल्यावर आत झेनॉन टेट्राफ्लुओराइडचे स्वच्छ पांढरे स्फटिक. जर्मनीत रुडॉल्फ होपे यांनी झेनॉन डायफ्लुओराइड केला. आणि दोन-तीन वर्षांत लक्षात आलं की डायफ्लुओराइडसाठी एवढाही खटाटोप नको. कोरड्या काचेच्या फुग्यात झेनॉन आणि फ्लुओरीन भरायचे आणि फुगा उजेडात ठेवून द्यायचा. काचेच्या आतल्या अंगाला आपोआप स्फटिक धरू लागतात. पापड वाळायला वेळ लागतो, पण दोन वायू एकत्र यायला नुसतं ऊन पुरतं. पासाडेनाला उन्हाची काय ददात होती? यॉस्ट आणि के यांनी वीज खेळवली आणि बाहेर कॅलिफोर्नियाचं ऊन फुकट वाया जात होतं.

झेनॉन परका खरा, पण एकदा ओळख झाल्यावर अंगावर येणारा निघाला. त्याच्या फ्लुओराइडांचा पाण्याशी संबंध आला की एक पदार्थ तयार होतो आणि तो कोरडा झाला की साध्या धक्क्यानेही फुटतो. बार्टलेट आणि त्याचा सहकारी राव यांनी १९६३ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात या धोक्याची सूचना छापली. सूचनेतलं पदार्थाचं नाव होतं झेनॉन हायड्रॉक्साइड. थोड्याच काळात इतरांनी क्ष-किरणांनी स्फटिक तपासले, तर तो निघाला झेनॉन ट्रायऑक्साइड. नाव चुकलं होतं, स्फोट मात्र अगदी बरोबर होता. त्या वर्षाच्या सुरुवातीला दोघांना तो अनुभव आलाही. बारीक स्फटिक नीट दिसावेत म्हणून दोघांनी डोळ्यांवरचे चष्मे काढले आणि नेमकं तेव्हाच भांडं फुटलं. दोघेही कित्येक आठवडे रुग्णालयात होते. बार्टलेटच्या डोळ्यातला काचेचा शेवटचा कण निघाला तो सत्तावीस वर्षांनी. काम न करणाऱ्यांच्या यादीत नाव असलेल्याने केलेलं हे काम.

आणि ते पहिलं, मानाचं संयुग? त्याचंही नाव चुकलं होतं. हळूहळू दिसू लागलं की ती पिवळी पूड एकजिनसी नाही, मिश्रण आहे. शिवाय नुसता इलेक्ट्रॉन देऊन झेनॉन बाजूला उभा राहिलेलाच नव्हता. त्याने प्लॅटिनमच्या सहांपैकी एक फ्लुओरीन स्वतःकडे ओढून घेतला होता आणि त्याच्याशी थेट बंध जोडला होता. म्हणजे नावात जेवढं कबूल केलं होतं, त्याच्या कितीतरी पुढे प्रकरण गेलेलं होतं. २००० साली बार्टलेटने सहकाऱ्यांबरोबर पुन्हा एक शोधनिबंध लिहून या पदार्थाच्या खऱ्या स्वरूपाचा हिशेब मांडला. ज्या नावाने तो जगभर ओळखला गेला, त्याच नावाची उलटतपासणी तो अडतीस वर्षांनी स्वतः घेत होता. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आपल्याच पहिल्या यशात काय चुकलं ते खोदून काढायला माणूस मुळात चौकस असावा लागतो.

घराण्याच्या सामाईक नावाचीही धुलाई झाली. पूर्वी आमच्या पुस्तकात 'निष्क्रिय वायू' होते. सक्रिय निघाल्यावर ते नाव अवघडलं. काही ठिकाणी 'दुर्मिळ वायू' म्हणत, तर आर्गॉन हवेत कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून जास्त आहे. त्याला दुर्मिळ म्हणायचं तर मग सुलभ कोणाला? शेवटी 'राजवायू' टिकून राहिले. राजेलोक कोणाशी फारसे मिसळत नाहीत आणि मिसळले की त्याचा इतिहास होतो, एवढ्यापुरतं हे नाव शोभतं. घराण्यातला धाकटा, एकशेअठराव्या क्रमांकाचा ओगानेसॉन, याला २०१६ मध्ये नाव मिळालं. या रांगेत बसायचं म्हणून शेवटी नियमाप्रमाणे 'ऑन' लावला. त्याचे आतापर्यंत मोजके अणू तयार झाले असून ते क्षणाच्याही अंशात विरले. गणितं सांगतात की पुरेसा साठला तर तो बहुधा वायू नसेलच, आणि अंगाने बराच खटपट्या असेल. राजवायूंमध्ये असा एक दाखल झाला आहे, जो कदाचित राजाही नाही आणि वायूही नाही.

निऑन मात्र अजून दाद देत नाही. घरातला टेस्टर घ्या. पिवळट पारदर्शक मुठीत चण्याएवढा काचेचा दिवा. टोक सॉकेटमध्ये आणि अंगठा मागच्या टोपीवर ठेवला की आत नारिंगी ठिपका उमटतो. तुमच्या अंगातून वीज वाहते आहे आणि तो निऑन तिच्यावर चमकतो आहे. एवढी ओळख झाल्यावरही तो कोणाशी बंध करत नाही. अंगठा काढला की विझला. पण आर्गॉन, मूळचा आळशी, त्याच्याही अंगाला काम लागलंच. २००० साली हेलसिंकीच्या शास्त्रज्ञांनी उणे अडीचशे अंशांच्याही खाली त्याला हायड्रोजन आणि फ्लुओरीन यांच्यासोबत एका रेणूत बसवलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वीज देऊन चेतवलेला आर्गॉन फ्लुओरीनशी क्षणभर जोडला जातो आणि सुटताना १९३ नॅनोमीटरचा अतिनील किरण सोडतो. म्वासांना १८९५ मध्ये जे जमलं नाही, त्या जोडीच्या लेसरने आज डोळ्याच्या दवाखान्यात चष्म्याचा नंबर घालवतात, आणि मोबाइलमधल्या चिपांवरची नक्षीही त्याच प्रकाशाने कोरतात. हातातल्या फोनवर 'आळशी' शब्दाचा अर्थ शोधाल, तर तोही आर्गॉनच्याच कृपेने.

या सगळ्या नामावळीत दोन जातींची नावं आहेत. आर्गॉन हे एका जातीचं. ते वायूबद्दल काहीच मोजून सांगत नाही, फक्त मत देतं. मत खोडून काढता येत नाही. आर्गॉनने लेसर चालवले, फोन घडवले तरी तो आळशी तो आळशीच. झेनॉन हेक्साफ्लुओरोप्लॅटिनेट दुसऱ्या जातीचं. जिभेला जड, पाठ करायला कंटाळवाणं, पण सहा म्हणजे सहा आणि एक म्हणजे एक असं सांगून स्वतःला अडकवून घेणारं. म्हणूनच ते चुकलं हे सिद्ध होऊ शकलं, आणि चुकलं कुठे तेही नेमकं सापडलं. माणसांना आपण जवळजवळ नेहमी पहिल्या जातीचीच नावं देतो : कामचुकार, घुम्या, धांदरट, गुणी. प्रगतिपुस्तकात 'मुलगा आळशी आहे' असा शेरा आला की तो जन्मभर पुरतो, कारण त्यात चुकीचं ठरण्यासारखं काही नसतंच. 'शनिवारी सकाळी नऊच्या आधी उठत नाही, तीन हाका लागतात' असं लिहिलं असतं, तर पुढच्या शनिवारी पोराला ते खोटं पाडायची संधी तरी मिळाली असती.